आरोपीचा वकील : शाहिद आझमी यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल स्फोट खटल्याचा उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेला निकाल या सदरात समजावून सांगताना, आरोपींची बाजू आरंभीच्या काळात मांडणारे दिवंगत वकील शाहिद आझमी यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका उल्लेखावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्याविषयीच्या प्रश्नांना द्यावे असे ठरवले. काही पत्रे कौतुकाची आहेत, काही रागाची आहेत; दोन्ही प्रकारची येथे घेतली आहेत.

प्रश्न : शाहिद आझमी स्वतः दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात होते असे वाचले. हे खरे असेल तर त्यांना वकिलीची सनद कशी मिळाली? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : हे खरे आहे. आझमी यांचा जन्म १९७७ चा, आणि त्यांचे बालपण मुंबईच्या गोवंडी भागातले. १९९२-९३ च्या दंगली झाल्या तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. त्या दंगलींनी पेटून उठून ते काही काळ काश्मीरमधील सीमेपलीकडच्या प्रशिक्षण छावणीत गेले आणि तेथला प्रकार न पटल्याने परत आले, असे त्यांच्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवले आहे. त्यांच्या चाहत्यांनी ही बाब झाकू नये असे मला वाटते, कारण पुढचा माणूस समजायला ती उपयोगी पडते. १९९४ च्या अखेरीस त्यांना टाडाखाली अटक झाली. राजकीय नेत्यांच्या हत्येचा कट रचल्याचा आरोप होता, आणि पुरावा म्हणून पुढे आला तो एक कबुलीजबाब, जो आपण कधी दिलाच नव्हता असे आझमी शेवटपर्यंत सांगत राहिले. दिल्लीच्या तिहार तुरुंगात त्यांची वर्षे गेली. तेथूनच त्यांनी पदवीचा अभ्यास सुरू केला आणि इतर कैद्यांचे अर्ज व कागदपत्रे तयार करण्यात ते मदत करू लागले. २००१ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. बाहेर आल्यावर त्यांनी पत्रकारितेचे आणि कायद्याचे शिक्षण घेतले व २००३ च्या सुमारास ज्येष्ठ फौजदारी वकील माजिद मेमन यांच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली.

सनदेच्या प्रश्नाचे उत्तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४-अ मध्ये आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीची वकील म्हणून नोंदणी होऊ शकत नाही; मात्र सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ही अपात्रताही संपते. ज्याच्यावर केवळ आरोप ठेवला गेला आणि जो पुढे निर्दोष ठरला, त्याला हे कलम लागूच होत नाही. तेव्हा आझमी यांना सनद देताना कोणी कृपा केली किंवा डोळेझाक केली असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'आत जाऊन आलेला' हा शिक्का निर्दोष सुटल्यावरही पुसला जात नाही, त्यामुळे अनेकांना हा नियम विचित्र वाटतो. कायदा याबाबत समाजापेक्षा उदार आहे.

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आझमी यांनी अवघ्या सात वर्षांच्या वकिलीत १७ जणांची सुटका करून दाखवली असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. त्यांचे कौशल्य नेमके कशात होते? ते भाषणबाजीने न्यायालय गाजवत असत का? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : १७ निर्दोष मुक्ततांचा आकडा त्यांच्याविषयीच्या लेखनात नेहमी येतो. तो मोठा आहेच, परंतु विद्यार्थिनी म्हणून आपण आकड्यापेक्षा पद्धतीकडे लक्ष द्यावे. फौजदारी न्यायालयात भाषणाला फारसा वाव नसतो. तेथे आरोपपत्र, पंचनामे, मुद्देमालाची नोंदवही, स्टेशन डायरी आणि साक्षीदार यांच्याशी गाठ असते, आणि बचावाच्या वकिलाचे बरेचसे काम हे कागद एकमेकांशी ताडून पाहण्याचे असते. कोणत्या वेळी जप्ती झाली, पंच कोण होते, ते त्या वेळी तेथे असू शकत होते का, सील केव्हा लागले, नमुना प्रयोगशाळेत केव्हा पोहोचला, असे कंटाळवाणे वाटणारे प्रश्न विचारावे लागतात. आझमी यांची वकिली अशा प्रश्नांची होती.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २६/११ च्या खटल्यातले आहे. कसाबबरोबर दोन भारतीय नागरिकही आरोपी होते, आणि त्यांपैकी एकाचे वकीलपत्र आझमी यांनी घेतले होते. सरकार पक्षाचे म्हणणे असे की या दोघांनी मुंबईतील ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे हल्लेखोरांपर्यंत पोहोचवले. असा एक नकाशा गिरगाव चौपाटीजवळ मारल्या गेलेल्या अबू इस्माईल या दहशतवाद्याच्या विजारीच्या खिशात सापडला. आणि नकाशा एकाने दुसऱ्याला काठमांडूत देताना पाहणारा साक्षीदारही आहे. ऐकायला ही साखळी भक्कम वाटते. परंतु तो कागद प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिला तर काय दिसते? गोळ्या लागून मेलेल्या माणसाची विजार रक्ताने भिजलेली होती, आणि तिच्या खिशातून निघाला म्हणून दाखवलेल्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता. शिवाय, कित्येक महिने आखलेल्या आणि उपग्रहाच्या साहाय्याने दिशा शोधत समुद्रमार्गे आलेल्या हल्ल्याला असल्या हाताने रेखाटलेल्या नकाशाची गरज काय होती, जेव्हा त्याहून चांगले नकाशे इंटरनेटवर कोणालाही मिळत होते? हे दोघे आरोपी फेब्रुवारी २००८ पासून, म्हणजे हल्ल्याच्या नऊ महिने आधीपासून, दुसऱ्या प्रकरणात उत्तर प्रदेशात अटकेत होते, हीदेखील लक्षात घेण्याजोगी बाब होती.

सरकार पक्षाचा पुरावा आझमी यांच्या हयातीत नोंदवला गेला. निकाल मात्र त्यांना पाहता आला नाही. ११ फेब्रुवारी २०१० रोजी संध्याकाळी कुर्ल्यातील टॅक्सीमेन कॉलनीतल्या त्यांच्या कार्यालयात शिरून मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते ३२ वर्षांचे होते. उरलेला युक्तिवाद दुसऱ्या वकिलांनी पूर्ण केला. ३ मे २०१० रोजी विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी कसाबला दोषी ठरवले आणि या दोघांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी, कसाबची फाशी कायम करतानाच त्या दोघांची सुटकाही कायम केली. एकाच निकालपत्रात या दोन्ही गोष्टी आहेत. आपण ते मुळातून वाचावे. लांब आहे, पण पुरावा कसा तोलावा हे त्यातून जितके कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

त्यांच्या आरंभीच्या यशांपैकी २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बसस्फोटाचा खटला होता. 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याखाली चाललेल्या त्या खटल्यातील आरोपी २००५ मध्ये सुटले. त्याच प्रकरणात पकडलेल्या, मूळ परभणीच्या ख्वाजा युनूस या अभियंत्याचे पुढे काय झाले ते अनेकांना आठवत असेल. तो कोठडीतून पळाला असे पोलीस सांगत राहिले, आणि अखेर राज्य सीआयडीने चार पोलिसांवर त्याच्या मृत्यूबद्दल आरोपपत्र दाखल केले. कोठडीत काय घडू शकते हे आझमी यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, तरी असा खटला तरुण वकिलाच्या मनावर काय परिणाम करत असेल याची कल्पना येते.

आपल्या अभ्यासासाठी एक मुद्दा मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण आझमी यांच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना तोच आहे. सर्वसाधारण नियमानुसार पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मधला हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. इंग्रजांच्या काळात हा नियम आला तो काही दयाबुद्धीने आला नाही. पोलीस कोठडीत कबुल्या कशा मिळवल्या जातात हे सरकारलाच चांगले ठाऊक होते म्हणून तो आला. टाडाच्या कलम १५ ने हा नियम बाजूला सारला आणि पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, कर्तारसिंग खटल्यात, काही पथ्ये घालून ती तरतूद वैध ठरवली. टाडा १९९५ मध्ये लोपला. पण महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कलम १८ मध्ये तीच तरतूद पुन्हा आली, आणि ती आजही लागू आहे. ज्या प्रकारच्या कागदाने विशीच्या आतल्या आझमी यांना तुरुंगात पाठवले, त्याच प्रकारचे कागद पुढे त्यांच्या अशिलांच्या आरोपपत्रांत त्यांना वाचावे लागत होते. लोकल स्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये ज्या १२ जणांना दोषी ठरवले, त्यांच्याविरुद्धचे कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, त्यांतील मजकूर एकमेकांशी कमालीचा जुळतो, असे म्हणत २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ते नाकारले. आझमी जाऊन तेव्हा १५ वर्षे झाली होती. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा अंतरिम आदेश काही दिवसांतच झाला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

प्रश्न : माझे चुलतभाऊ त्या दिवशी माहीमच्या स्फोटात गेले. तुम्ही वकील लोक अशा आरोपींचे वकीलपत्र घेता, त्यांच्या सुटकेचा आनंद मानता. मेलेल्यांचे काय? बार असोसिएशननेच ठराव करून अशांना वकील देऊ नये असे मला वाटते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रातला राग मी समजू शकतो, आणि त्याला कायद्याची कलमे दाखवून उत्तर देणे पुरेसे नाही याची मला जाणीव आहे. तरी प्रश्न कायद्याचाच असल्याने तेथूनच सुरुवात करतो.

२६/११ नंतर मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयांच्या वकील संघटनेने कसाबचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव केलाच होता. पुढे न्यायालयाने ज्या महिला वकिलाची नेमणूक केली तिच्या घरासमोर निदर्शने झाली. (ती नेमणूक पुढे रद्द झाली ती मात्र एका वेगळ्याच कारणाने : त्या एका साक्षीदाराच्याही वकील होत्या.) अशा ठरावांविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये, तमिळनाडूतील ए. एस. मोहम्मद रफी यांच्या प्रकरणात, स्पष्ट निर्वाळा दिला. अमुक आरोपीची बाजू कोणी मांडू नये असा वकील संघटनेचा ठराव घटनेच्या, कायद्याच्या आणि व्यावसायिक नीतीच्या विरुद्ध असून तो शून्यवत आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही असे म्हटले आहे की आरोपी दोषी आहे की नाही याविषयी वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये ही कायद्याची अपेक्षा आहे.

कसाबला विशेष न्यायालयात, उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात, प्रत्येक टप्प्यावर वकील मिळाला. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून त्याची बाजू मांडली. फाशी टळली नाही. परंतु ती देताना या खटल्यात काही राहून गेले असे जगात कोणालाही म्हणता आले नाही. त्याच निकालात न्यायालयाने असेही सांगितले की आरोपी पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यासमोर उभा केला जातो त्याच वेळी त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे आणि त्याला वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. देशभरातल्या साध्या चोरीच्या आरोपीलाही त्याचा आज लाभ मिळतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मेलेल्यांचे काय, असे आपण विचारता. आपल्या चुलतभावाला ज्यांनी मारले ते सापडावेत, असे आपल्याला वाटते. चुकीचा माणूस दोषी ठरला तर खरा मोकळा राहतो, आणि त्याला शोधण्याचे काम त्या दिवशी बंद होते. लोकल स्फोटांच्या खटल्यात १९ वर्षांनी सारे आरोपी सुटतात तेव्हा आपल्यासारख्या कुटुंबांच्या हाती काय उरते, हा प्रश्न बचावाच्या वकिलाला विचारण्याऐवजी तपास करणाऱ्या यंत्रणेला विचारला पाहिजे, असे माझे मत आहे. सुटकेचा आनंद मानण्याविषयी आपण लिहिले आहे ते मात्र मी मान्य करतो. न्यायालयाच्या पायऱ्यांवर पेढे वाटण्याची पद्धत मलाही कधी आवडली नाही.

प्रश्न : आझमी यांचे सगळेच अशील निर्दोष होते असे म्हणायचे आहे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. आपल्याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००६ च्या शस्त्रसाठा प्रकरणात ते आरोपींचे वकील होते, आणि २०१६ मध्ये त्या खटल्यात १२ जण दोषी ठरले. उलट २००६ च्याच मालेगाव स्फोटांत प्रथम पकडले गेलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. दोन्ही खटल्यांत बचावाच्या वकिलाचे काम सारखेच होते.

प्रश्न : त्यांना 'चळवळीतले वकील' का म्हणतात? खटले लढवणे हा तर व्यवसाय झाला. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न योग्य आहे, कारण हे विशेषण आजकाल फार स्वस्त झाले आहे. वर्तमानपत्रात चार लेख लिहिले आणि दूरचित्रवाणीवर दोनदा दिसले की वकील 'चळवळीतला' होतो. आझमी यांच्या बाबतीत मला दोन गोष्टी त्या शब्दाला पात्र वाटतात.

एक म्हणजे त्यांनी फी देऊ न शकणाऱ्यांचे खटले सातत्याने घेतले आणि जमियत उलेमा या मुस्लिम संघटनेच्या कायदेविषयक मदतीतून चालणाऱ्या अनेक प्रकरणांचा भार उचलला. दहशतवादाच्या खटल्यातील आरोपपत्र हजारो पानांचे असते, तारखा वर्षानुवर्षे चालतात, आणि असे एक प्रकरण घेतले की दुसरी फी देणारी कामे सुटतात. शिवाय धमक्या येत होत्या, आणि त्या येत असतानाही त्यांनी कामे सोडली नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका आरोपीची सुटका करून ते थांबले नाहीत. ज्या नियमांमुळे असे खटले उभे राहतात त्या नियमांनाही त्यांनी न्यायालयात हात घातला. २८ जून २००८ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्फोट खटल्यांतील कच्च्या कैद्यांना मारहाण झाली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात नेण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि २००९ मध्ये न्यायालयाने तुरुंग अधिकाऱ्यांनी वाजवीपेक्षा अधिक बळ वापरल्याचे नमूद करून चौकशीचे आदेश दिले. तुरुंगाच्या भिंतीआड कच्च्या कैद्याला झालेली मारहाण सिद्ध करणे किती कठीण असते हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ठाऊक आहे : साक्षीदार सगळे कैदी, वैद्यकीय कागद तुरुंगाच्या ताब्यात, आणि तक्रार करणारा माणूस त्याच रात्री पुन्हा त्याच बराकीत झोपणार.

मकोकाच्या वैधतेलाही त्यांनी आव्हान दिले. मुद्दा साधा होता. मकोका संघटित गुन्हेगारीसाठी केलेला राज्याचा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत 'बंडखोरीला चालना' हे शब्द घालून राज्याने केंद्राच्या कार्यक्षेत्रात पाऊल टाकले आहे का? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकल स्फोट खटल्याला स्थगिती दिली. २३ एप्रिल २०१० रोजी मात्र न्यायालयाने मकोकाची ती तरतूद वैध ठरवली आणि स्थगिती उठली. म्हणजे ही लढाई ते हरले, आणि हरल्याचे कळण्याआधीच गेले. त्यांच्या पराभवाची ही बाजू गौरवपर लेखांत सहसा येत नाही. माझ्या दृष्टीने ती सुटकांइतकीच महत्त्वाची आहे, कारण मकोकाच्या व्याख्येवर इतका बारकाईने विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाला त्या याचिकेनेच भाग पाडले.

प्रश्न : मला फौजदारी बचावाचेच काम करायचे आहे, पण घरी वकिलीची परंपरा नाही आणि मुंबईत राहण्याइतके पैसेही नाहीत. सुरुवात कोठून करावी? (नुकताच सनद मिळालेला वकील, नांदेड)

उत्तर : मुंबईला येण्याची घाई करू नका. आझमी यांचीही सुरुवात महिना २००० रुपयांवर झाली असे सांगतात, पण त्यांचे घर मुंबईत होते. तुम्हाला त्या पैशांत येथे महिन्याचे खोलीभाडेही भागणार नाही.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत विधी साहाय्य बचाव वकिलांची व्यवस्था सुरू केली आहे. तीत मुख्य, उप आणि सहायक अशी ठरावीक मानधनाची पदे असतात. सहायक पदासाठी अनुभवाची अट सर्वांत कमी असते. जाहिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात लागते, तेव्हा तेथे अधूनमधून चक्कर ठेवावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकिलाला पात्र असते. त्यामुळे या कामात आरोपींची वाण पडत नाही, आणि वर्षभरात जितके रिमांड, जामीन आणि उलटतपासण्या हाताखालून जातील तितक्या एखाद्या मोठ्या वकिलाच्या कार्यालयात पाच वर्षांतही जाणार नाहीत.

ते पद मिळेपर्यंत सत्र न्यायालयात बसून इतरांच्या उलटतपासण्या ऐकाव्यात. ऐकताना एक सवय लावून घ्यावी. साक्षीदार पिंजऱ्यात येण्याआधी त्याचा पोलिसांपुढचा जबाब मिळाला तर वाचून ठेवावा, आणि पंचनाम्यातील वेळ, स्टेशन डायरीतील वेळ व साक्षीतील वेळ तीन रकान्यांत लिहून काढावी. पहिले काही महिने त्यातून काही निघणार नाही. नंतर एखाद्या दिवशी असे आढळेल की ज्या वेळी पंच घटनास्थळी सह्या करत होता असे कागद सांगतो, त्याच वेळी तो दुसऱ्या एका पंचनाम्यावरही, वीस किलोमीटर दूर, सही करत होता. तेव्हा लगेच उभे राहून आरडाओरडा करू नये. दोन्ही पंचनाम्यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करावा, प्रती हातात येईपर्यंत उलटतपासणी राखून ठेवण्याची विनंती करावी, आणि पंचाला पहिला प्रश्न त्याच्या नोकरीच्या वेळेविषयी विचारावा.